माझ्या नावापुढे जाऊबाईंचा चेहरा

सणसर, मंगळवार, २४ जानेवारी १९९५

डोकं नुसतं ठणकतंय. काल मतदारांची ओळखपत्रं मिळाली. माझ्या कार्डावर नाव माझं आणि फोटो थोरल्या जाऊबाईंचा! त्यांच्या कार्डावर मी. विहिरीच्या पाण्यावरून वाजल्यापासून आम्ही दोघी बोलत नाही, आणि सरकारनं नेमकं आम्हालाच एकमेकींना चिकटवलं.

आज शाळेत रजा टाकून इंदापूर गाठलं. एसटीत जाऊबाई पुढच्या बाकावर, मी मागच्या. तहसील कचेरीतल्या साहेबानं कार्ड उजेडात तिरकं केलं, तसं त्यावरचं चकचकीत होलोग्राम निळं-हिरवं झळकलं.

"कार्ड अस्सल आहे, बाई."

अहो, पण त्यात मी कुठाय?

"फोटो बदलायला गेलं की होलोग्राम फाटतं. खोटेपणा होऊ नये म्हणूनच लावलंय ते."

म्हणजे यांची चूकसुद्धा आता कुणाला पुसता येणार नाही! नवं कार्ड निवडणुकीनंतर, म्हणे. मग मताचं काय? साहेब पुन्हा ते होलोग्रामच हलवून बघत बसला.

तेवढ्यात जाऊबाई पुढं सरसावल्या. "सायेब, ही माझी जाऊ हाय, मास्तरीन हाय. आख्खं गाव वळखतंय हिला. लिहून द्या, त्याबिगर आमी हितनं हालनार न्हाय."

त्यानं वैतागून 'फोटो चुकलाय, मत देऊ द्यावं' असे दोघींना कागद लिहून दिले.

परतीच्या एसटीत त्या माझ्या शेजारीच बसल्या. सणसरला उतरताना म्हणाल्या, "माझ्या कार्डावर तू बरी दिसतीस."

राग धरावा, तर तोही धड धरू देत नाहीत.