तीन बत्तीसचं नाणं

मी, या कागदाच्या शेवटी सही करणार, वय चौऱ्याहत्तर, धंदा कवळ्या आणि दातांच्या टोप्या बनवणे, आता काम बंद, हे मृत्युपत्र माझ्या टेबलाशी बसून, माझ्या हाताने, कुणी शिकवल्या-पढवल्याशिवाय लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. डोळेही आता ठिकाणावर आहेत. डिसेंबरात मोतीबिंदू काढला. तो काढला नसता तर हा कागद लिहायची वेळच आली नसती. कशी, ते पाचव्या कलमात येईल.

नऊ वर्षांपूर्वी मी एक मृत्युपत्र केलं होतं. ते आज रद्द करतो. त्यात माझा रोमन नाण्यांचा सगळा संग्रह, एकशे बारा नाणी, माझ्या धाकट्या भावाच्या नावे होता. त्याला हे माहीत नव्हतं. माझ्या बायकोला माहीत होतं; मसुदा तिनेच वाचून पाहिला होता. हे ध्यानात ठेवावं.

कलम १. दुकानावरच्या माझ्या दोन खोल्या, आतल्या सामानासकट, माझ्या पुतणीला, म्हणजे धाकट्याच्या मुलीला. मला दिसत नव्हतं तेव्हा ती दर रविवारी येऊन नाण्यांची पुस्तकं वाचून दाखवायची. सम्राटांची नावं अशी काही उच्चारायची की त्यांच्या राज्यात असती तर हद्दपारच झाली असती. तिला पुढच्या प्रकरणातलं काहीही ठाऊक नव्हतं, तेव्हा बापाचा राग तिच्यावर कुणी काढू नये. पोरी, स्वयंपाकघरातला नळ बंद करताना जरा वर उचलून फिरव, नाहीतर ठिबकत राहतो.

कलम २. बँकेत जे असेल ते नर्सबाईंना. बायकोच्या आजारपणात शेवटचे तीन महिने त्यांनी तिला हसतं ठेवलं. मला ते जमलं नव्हतं.

कलम ३. नाणेसंग्राहक मंडळाला मी काहीही देत नाही. मी पहिल्यांदा सभेत गेलो तेव्हा अध्यक्ष सगळ्यांसमोर म्हणाले होते, "दातवाल्यांना सीझर कुठला कळायला!" आणि मोठ्याने हसले. ज्या कवळीने ते हसले ती मीच बनवली होती. ती त्यांच्याकडे आहेच. माझ्याकडून मंडळाला तेवढं पुरे.

कलम ४. खालच्या शिंप्याने आठ वर्षांपूर्वी माझी शिडी नेली आहे. वकील म्हणाले, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळालं तर भानगड होते. शिंपी या कागदावर साक्षीदार आहे. म्हणून सही करण्यापूर्वी त्याने शिडी आणून द्यावी.

कलम ५. आता ते नाणं.

संग्रहातलं पहिलं नाणं म्हणजे अँटोनायनस पायस या सम्राटाचं चांदीचा दिनार. एका बाजूला त्याचं दाढीचं डोकं. दुसऱ्या बाजूला एकमेकांत धरलेले दोन हात, आणि त्या हातांत धान्याची कणसं. ते माझ्याकडे कसं आलं? एका बोटीवरच्या खलाशाचे पुढचे दोन दात मी बसवून दिले. त्याच्याकडे रोकड नव्हती. त्याने हे नाणं टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, जुनी चांदी आहे, वितळवून घ्या. मी खरंच मुशीत टाकायला निघालो होतो. बायको डबा घेऊन आली होती. ती म्हणाली, "अहो, थांबा की! कुणाचा तरी चेहरा आहे त्याच्यावर."

म्हणून थांबलो. दुसऱ्या दिवशी वाचनालयात जाऊन ग्रंथपालबाईंकडे जुनी नाण्यांची पुस्तकं मागितली. मी शाळा सातवीत सोडलेला माणूस. रोमन अक्षरं मी त्या नाण्याच्या कडेवरून शिकलो, एकेक करत, दात लावावेत तशी. पुढची एकशे अकरा नाणी त्या एकातून आली. बायकोने सम्राटांना नावं ठेवली होती. नीरो म्हणजे जाड मानेचा. हेड्रियन म्हणजे नाकवाला. हा पहिला म्हणजे आमचा दाढीवाला. "याचा तरी हात कुणी धरलाय," असं ती दरवर्षी न चुकता मला ऐकवायची.

दरवर्षी, कारण वर्षाच्या पहिल्या रविवारी आम्ही पेटी उघडायचो. प्रत्येक नाणं पुसून तपासायचो आणि तोलायचो. नाण्याला रोग लागला तर वजन घटतं, म्हणून ही पद्धत. मी चिमट्याने नाणं काट्यावर ठेवायचो, ती आकडा मोठ्याने वाचायची आणि नाण्याच्या चिठ्ठीवर लिहायची. दाढीवाल्याचा आकडा तीन ग्रॅम बत्तीस. पस्तीस वर्षं तोच.

नंतर माझे डोळे अधू झाले. बोटं तर आधीच गेली होती. चाळीस वर्षं घासणीचं यंत्र धरून त्यांना जड काय, हलकं काय, कळेनासं झालं. पण तिचा आवाज होता. "तीन बत्तीस," ती म्हणायची. मी मान डोलवायचो. पुढचं नाणं.

ती गेली. एक वर्ष पेटी उघडलीच नाही. या जानेवारीत, नव्या डोळ्यांनी, पहिल्यांदा एकट्याने उघडली. दाढीवाला काट्यावर ठेवला. आकडा आला दोन सत्तर.

काटा बिघडला म्हणून दुसरी नाणी ठेवली. सगळी बरोबर. पुन्हा दाढीवाला. दोन सत्तर. भिंग लावून पाहिलं. तो ओतीव होता. ठोकून पाडलेल्या नाण्याच्या अक्षरांना धार असते. याची अक्षरं साबणासारखी गुळगुळीत. धातू आमच्या टोप्यांचा, चांदीसारखा दिसणारा पण हलका, वरून काळवंडवलेला.

चोर बाहेरचा, असं मी दोन मिनिटं मानलं. मग माप घेतलं.

इथे आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगितली पाहिजे. धातू ओतला की निवताना आकसतो. म्हणून नाण्यावरून कुणीही नक्कल ओतली तर ती मूळ नाण्याहून केसभर लहान येते. संग्राहक नक्कल पकडतात ती बहुतेक वेळा याच केसभराने. दाताची टोपी अशी आकसली तर दातावर चढतच नाही. त्यावर मी तरुणपणी एक तोड शोधली होती. साचा ज्यात भरतात त्या कड्याला आतून ओल्या कागदाची पट्टी लावायची, म्हणजे साच्याला तापल्यावर फुगायला जागा मिळते आणि आकसलेला धातू बरोबर मापाला येतो. किती पट्ट्या, किती ओल्या, हे मोजून-मापून बसवायला मला दोन वर्षं लागली. ते मी जगात एकाच माणसाला शिकवलं.

नक्कल केसभरही लहान नव्हती. पहिल्या वर्षी चिठ्ठीवर रुंदीचं माप लिहून ठेवलं होतं, त्याला तंतोतंत होती.

आई-वडील गेले तेव्हा धाकटा नऊ वर्षांचा होता. माझ्या लग्नात तो आमच्या दोघांच्या मध्ये उभा आहे, फोटो भिंतीवर आहे. त्याचा पहिला मेणाचा दात अजून माझ्या खणात आहे.

सकाळी खाली दुकानात गेलो. तो टोपी घासत होता. मी त्याच्यासमोर नाणं ठेवलं आणि शेजारी मापपट्टी ठेवली. त्याने यंत्र बंद केलं. नाणं उचलून उजेडाकडे धरलं. मग त्याच्या तोंडून पहिला शब्द काय निघावा?

"माप किती आलं, दादा?"

"तंतोतंत," मी म्हणालो.

त्याचा चेहरा क्षणभर उजळला. मी तो पाहिला. मग त्याला कळलं, आपण काय विचारलं. स्टुलावर बसला आणि रडायला लागला.

"खरं कुठे आहे?"

"त्याच्या बदल्यात भट्टी आणली," तो म्हणाला.

सहा वर्षांपूर्वी दुकान बंद पडायला आलं होतं. डॉक्टरांना नव्या धातूच्या टोप्या हव्या होत्या, आमच्या जुन्या भट्टीला तेवढी आच पेलत नव्हती. एक दिवस नवी विजेची भट्टी आली. धाकटा म्हणाला, बंद पडलेल्या एका दुकानातून मिळाली. मी त्याच्या पाठीवर थाप मारली. "शाब्बास, माझ्यापुढे गेलास," म्हणालो. आणि त्या भट्टीत मी पुढे तीन वर्षं, अधू डोळ्यांनीही सवयीने हात चालत होते तोवर, दात ओतले. म्हणजे माझंच नाणं रोज तापवत होतो.

"मला का नाही मागितलंस?" मी विचारलं. "पेटी तुझीच होती. माझ्यामागे तुझ्या नावे लिहून ठेवली होती. स्वतःच्या घरात चोरी केलीस, गाढवा."

हे ऐकून तो रडायचा थांबला.

"मी तुलाच मागणार होतो, दादा. आधी वहिनीशी बोललो. तिला म्हटलं, तू शब्द टाक."

"मग?"

"दादा, जाऊ दे ना. ती आता नाही."

"मग?"

"ती म्हणाली, ते देणार नाहीत. दुकान गेलं तरी देणार नाहीत. मी त्यांना ओळखते. नक्कल कर, पण चांगली कर. आणि तिनेच पेटीतून काढून माझ्या हातात दिलं."

मग तो हळूच म्हणाला, "ती म्हणाली होती, आकड्याचं मी बघते."

आकड्याचं तिने बघितलं. पाच वर्षं, दर जानेवारीत. पाच वेळा समोर दोन सत्तर दिसत असताना, माझ्यासमोर बसून, चहाचा कप बाजूला सारून, "तीन बत्तीस". आणि त्यानंतर, दरवर्षीसारखंच, "याचा तरी हात कुणी धरलाय."

चिठ्ठी माझ्यापुढे आहे. तिच्या अक्षरात चाळीस आकडे. पस्तीस खरे, पाच खोटे. कुठे तरी हात अडखळला असेल, शाई पसरली असेल, म्हणून भिंग लावून पाहिलं. काही नाही. सगळे सारखे, सुबक. तिला माझ्याशी खोटं बोलणं इतकं छान येत होतं, हे मला एक्केचाळीस वर्षांच्या संसारात कळलं नाही.

मी दिलं असतं का? तीन महिने हाच प्रश्न घेऊन बसलो आहे. मृत्युपत्रात खोटं लिहू नये. माहीत नाही. तिने मात्र मला विचारायच्या आधीच उत्तर ठरवलं, आणि तेच मला सर्वांत लागलं आहे. नाणं मुशीतून वाचवलं तिने, घालवलंही तिने. पण मला विचारायला हवं होतं. नाही म्हणण्याची तरी संधी मला द्यायला हवी होती.

कलम ६. विजेची भट्टी कागदोपत्री धाकट्याची आहे. माझ्या हिशेबी ती माझी आहे, कारण ती माझ्या नाण्यावर आली. ती मी आज धाकट्याला देतो. त्याच्या हातात ती आजवर चोरीची होती. या कलमाने ती दिलेली झाली. घासणी, चिमटे, मेणाच्या सुऱ्या आणि ओली पट्टी लावायची वही, हेही त्याला. दुकान चालू ठेवावं. काम तो माझ्याहून चांगलं करतो, हे मी तोंडावर कधी म्हटलं नाही, इथे म्हणतो.

संग्रह मात्र त्याला नाही. त्यातलं एकही नाणं नाही. त्याने यावर वाद घालू नये, आणि माझ्या माघारी कुणी त्याची समजूत घालायला जाऊ नये.

कलम ७. मेल्यावर माझ्या तोंडातली कवळी काढू नये. धाकट्याने केली आहे आणि चांगली बसली आहे.

कलम ८. संग्रह, पेटी, काटा आणि पुस्तकं वाचनालयाला. खिडकीजवळच्या काचेच्या कपाटात ठेवावीत, कारण तिथल्याच बाकावर बसून मी अक्षरं शिकलो. या मृत्युपत्राची अंमलबजावणी ग्रंथपालबाईंनी करावी. मी त्यांना सगळं सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "दादा, पेटीतलं त्या नाण्याचं पहिलं घर रिकामं ठेवू या. लोकांना कशाला सांगायचं?"

नाही बाई. खोटं नाणं खऱ्याच्या जागी गुपचूप पडून राहिलं तर पुढे येणारा फसतो. मी सहा वर्षं फसलो, तेवढं पुरे. आणि रिकामं घर हेही एक खोटंच. तिथे काहीच घडलं नाही असं ते सांगेल.

म्हणून पेटीच्या पहिल्या घरात नक्कल तशीच ठेवावी. तिच्याखाली बायकोच्या अक्षरातली चिठ्ठी पालथी ठेवावी. फाडायला घेतली होती, फाडली नाही. ज्याला वाचायची असेल त्याने उलटून वाचावी. सरळ मांडून ठेवायला अजून माझं मन होत नाही. खरं नाणं कधी कुठे सापडलंच, तर ती चिठ्ठी त्या नाण्याची आहे, त्याच्यासोबत जावी.

वर माझी चिठ्ठी ठेवावी. ती आज सकाळी लिहिली आहे, तिचा मजकूर असा:

"अँटोनायनस पायस. मागे धरलेले दोन हात. नक्कल. वजन दोन ग्रॅम सत्तर. ओतली धाकट्या भावाने. ओतायला शिकवलं मी. नाणं काढून दिलं माझ्या बायकोने. माप तंतोतंत."

हा कागद मी दोनदा वाचला. बदल नाही.

सही: (माझी, भिंगाशिवाय केलेली)

साक्षीदार १: ज्यांनी माझा मोतीबिंदू काढला त्या डॉक्टरीणबाई. माझं डोकं शाबूत असल्याचा दाखला त्यांनी सोबत जोडला आहे. सही.

साक्षीदार २: खालचा शिंपी. शिडी मिळाली, एक पायरी मोडलेली. सही.

स्थळ: दुकानावरची पुढची खोली.
तारीख: अकरा एप्रिल, दोन हजार तेवीस. खाली भट्टी चालू आहे.