सात आणि अडतीस

दरेकशाच्या वाटेवर आमचा गिट्टीचा क्रशर आहे. पंचवीसेक वर्षांपूर्वी, चाचणीच्या खोलीबाहेर बसून आमच्याकडे कामाला असलेली रुख्मा आणि गिट्टी तपासणारी मी उकडलेले शिंगाडे सोलत होतो. तिने समोरच्या ढिगातला एक खडा उचलला. "हा चपटा आहे, बाई. तुमच्या पट्टीतून नाही गेला तं माह्यं नाव बदला." मी खाचांच्या लोखंडी पट्टीत तो घातला; खडा सरळ खाली पडला. तिचे नाव रुख्माच राहिले.

मी, अल्का चंद्रशेखर टेंभरे, वय चौसष्ट, राहणार कुडवा, गोंदिया, हे स्वतःच्या हाताने लिहीत आहे. फुप्फुसात दगडाची धूळ बसली आहे, डोके स्वच्छ आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. लिहावे म्हणून कोणी दबाव आणलेला नाही. लिहू नये म्हणून माझा मुलगा प्रफुल याने आणला. आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

१. क्रशरमधील माझा हिस्सा प्रफुलला. दगड फोडणाऱ्या जबड्याच्या प्लेटा झिजल्या की त्याने त्या वेळेवर बदलाव्यात.

२. कुडव्याचे घर माझ्या कमाईतले, माझ्या नावावरचे आहे. ते रुख्मा केवळराम मेश्राम हिला द्यावे. माझी मुलगी दीप्ती हिची हरकत नाही. प्रफुल म्हणतो, "लोक विचारतीन ना आई, कायले दिलं म्हणून." विचारू देत.

३. कारण असे. २०१७ साली दवनीवाड्याकडच्या रस्त्यासाठी आमची गिट्टी जायची होती. प्लेटा झिजलेल्या, त्यामुळे माल चपटा निघत होता. चपटी गिट्टी चाकाखाली मोडते. नमुना ढिगातून जागोजागी घ्यायचा, कालवायचा, चार भाग करून समोरासमोरचे दोन ठेवायचे, असा नियम. माझ्या यजमानांनी तसे न करता रुख्माला दोन दिवस बसवून नमुन्याच्या पोत्यातले चपटे खडे वेचून काढायला लावले. ते पोते चाचणीला माझ्याकडे आले. चपटेपणा सात टक्के निघाला. आमच्या ढिगाचा आकडा बावीसच्या खाली कधी आलाच नव्हता. मी काही विचारले नाही. नोंदवहीत आकडा लिहून सही केली.

दुसऱ्या दिवशी मी एकटीने ढिगातून नमुना घेतला. अडतीस. तो आकडा त्याच पानाच्या मागे पेन्सिलीने लिहिला आणि कपाट लावले.

दोन पावसाळ्यांत त्या रस्त्याची कड सुटली. सुट्या गिट्टीवर केवळरामची मोटारसायकल घसरली. मागून ट्रक येत होता. केवळराम रुख्माचा नवरा. मी भेटायला गेले तेव्हा ती मलाच म्हणाली, "काऊन रडून राहिल्या, बाई? गेला तं माहा गेला. म्याच निवडली ना ती गिट्टी, माह्याच हातानं गेला." त्या दिवसापासून ती तांदूळ निवडायला बसत नाही. सून निवडते. अडतीसचा आकडा मी तिला सहा वर्षांत सांगितला नाही.

४. यजमान आता नाहीत. त्यांच्यावर ढकलणे सोपे आहे, पण सही माझी आहे. शाळेत सिस्टर म्हणत, सही करण्याआधी पान पुन्हा वाचा. मी वाचले होते.

५. ज्याने ही सही करते आहे ते पेन दीप्तीला. चाळण्या व तराजू क्रशरवरच राहावेत. खाचांची पट्टी रुख्माला. प्रफुल ती भंगारात घालील. २०१७ च्या नोंदवहीतील त्या पानाची दोन्ही बाजूंची प्रत रस्त्याच्या खात्याकडे पाठवावी.

६. दीप्ती या मृत्युपत्राची व्यवस्थापक. तिने रुख्माच्या घरी जाऊन ते पान दोन्ही बाजूंनी मोठ्याने वाचावे. सुनेलाही बसवावे. त्यानंतरच घराची किल्ली द्यावी. रुख्माने किल्ली फेकली तर उचलून आणावी, वाद घालू नये. घर झाडून ठेवावे आणि वर्षाने पुन्हा विचारावे.

सही: अल्का चं. टेंभरे

आमच्यासमक्ष सही केली:
१. केशोराव पटले, कुडवा
२. नीतू रहांगडाले, गोंदिया

कुडवा, दि. १४ फेब्रुवारी २०२५