ध्रुवला घाम कुठे येत होता

दर्पण कॉलनी, ग्वाल्हेर
दिवाळीच्या आधीचा रविवार

तीर्थस्वरूप मंदाताईस,

तुझ्या धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार, पण उभ्याउभ्याच, कारण सध्या कंबरेतून वाकता येत नाही. त्याचं कारण पुढे येईल.

तुझा गुडघा कसा आहे? दाजींना जे ऐकायचं नसतं ते अजूनही ऐकू येत नाही ना? छान. इकडे आम्ही सगळे ठीक आहोत, म्हणजे मी सोडून सगळे, आणि खरं सांगायचं तर ध्रुवही सोडून. फोनच केला असता, पण फोनवर तू बोलतेस आणि मी 'हो, हो' म्हणतो, आणि हे प्रकरण 'हो, हो'मध्ये मावणारं नाही. (शिवाय लीला फोन स्पीकरवर टाकते. तिला सगळं ठाऊक आहे, तरी माझ्या तोंडून पुन्हा ऐकताना तिचा चेहरा जो खुलतो, तो मला बघवत नाही.)

सुरुवात गणपतीत झाली. आपल्या मंडळात यंदा नाटक बसलं नाही (नायक नोएडाला, नायिका बेंगळुरूला, आणि उरलेले आम्ही सगळे प्रॉम्प्टर), म्हणून एका डॉक्टरांचं व्याख्यान ठेवलं. विषय होता मुलांचा व्यायाम. डॉक्टर तरुण होते, आडपडदा नव्हता. म्हणाले, मुलांनी रोज तासभर तरी दम लागेल, घाम येईल असं खेळायला हवं. ज्यांची मुलं एवढं खेळतात त्या पालकांनी हात वर करा. अख्ख्या सभागृहाचे हात वर. आमच्या चिरंजीवांचा, केदारचा, तर जवळजवळ पंख्याला लागला. मग डॉक्टर म्हणाले, आता मुलांनी हात वर करा. पोरं पुढे सतरंजीवर बसली होती. एकच हात वर गेला, आणि त्या पोराला बाथरूमला जायचं होतं.

सगळे हसले, आरती झाली, मोदक झाले, लोक ते विसरूनही गेले. मी विसरलो नाही. सगळी नोकरी वीज मंडळात काढलेला माणूस मी. मीटर एक सांगतो आणि घरात भलतंच काही जळत असतं, हे शोधण्यात माझे केस गेले. तेव्हा आपल्या नातवाच्या अंगात रोज नेमका किती व्यायाम जातो, हे स्वतः बघायचं असं मी ठरवलं. (लीला म्हणाली, नका बघू. हे वाक्य ती मला लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून सांगत आली आहे, म्हणून मी त्याकडे लक्ष देत नाही.)

ध्रुव आता आठवीत आहे. तू मागे त्याला पाहिलंस तेव्हा सगळी हाडंच होती. आता जाड म्हणता येणार नाही, पण कोपरे बुजत चालले आहेत. बोलणं कमी, त्यातलं अर्धं हिंदी. त्याला विचारलं, शाळेत खेळाचा तास असतो ना? म्हणाला, "असतो ना. पण गेम्सच्या पीरियडमध्ये मॅथ्सवाले सर येऊन जातात." आणि नाही आले तर? तर म्हणे बॉल अलमारीत, अलमारीची चाबी सरांपाशी, आणि सर मीटिंगमध्ये. मग तुम्ही काय करता? "बैठते हैं," असं तो अगदी सहज म्हणाला.

मग उरली क्रिकेट अ‍ॅकॅडमी. आमच्या घरापासून फार दूर नाही, मेला ग्राउंडच्या वाटेवर. दौलतसिंह नावाचे कोच आहेत, भल्या मोठ्या मिशांचे आणि मनाने चांगले. केदारने त्याला तिथे घातलंय, पांढरे कपडे घेतलेत, आणि तो व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो टाकतो तेव्हा मुलगा पुढच्या वर्षी रणजी खेळणार असंच वाटतं. मी चार दिवस भिंतीपलीकडे स्कूटर लावून पाहिलं. (पहिल्या दिवशी चौकीदाराने विचारलं, किसको ढूँढ रहे हो बाऊजी? मी म्हटलं, व्यायामाला. त्याने मला पाणी दिलं.) मंदाताई, एवढ्या पोरांना नेट एकच. ध्रुव पॅड बांधून, हेल्मेट घालून, ग्लव्हज चढवून रोलरवर बसतो आणि नंबराची वाट बघतो. नंबर आला की पाच-सात चेंडू खेळतो, त्यातले निम्मे त्याच्यापर्यंत पोचत नाहीत. मग पुन्हा रोलर. त्याच्याबरोबर रोलरवर कायम एकच मुलगा, मोहित. हा आपल्या मंडळातल्या संभाजीरावांचा नातू, ध्रुवच्याच वर्गातला, काटकुळा, सारखे हातवारे करून बोलणारा. आणि घरात घुम्यासारखा असणारा आपला ध्रुव तिथे हसत होता, बोलत होता, मोहितला चापट्या मारत होता. हे मी पाहिलं, ताई. पण मी व्यायाम मोजायला गेलो होतो, म्हणून ते हिशोबात धरलं नाही.

रात्री जेवताना मी अहवाल सादर केला. केदार चिडला. म्हणाला, बाबा, तुम्ही भिंतीआडून बघता? लोक काय म्हणतील? श्रुती म्हणाली, "पण तो घामाघूम होऊन येतो हो बाबा. चेहरा लालबुंद असतो, येऊन तांब्याभर पाणी पितो." मी हसलो. म्हटलं, हेल्मेट घालून बसलं की कुणालाही घाम येईल. आणि मी विजयी मुद्रेने दुसऱ्यांदा वरण घेतलं. सुनेने अगदी नेमका प्रश्न टाकला होता, की बसून राहणाऱ्या पोराला एवढा घाम येतो कुठून? तो प्रश्न मी वरणाबरोबर गिळून टाकला.

मग माझी योजना सुरू झाली. अ‍ॅकॅडमी सुटली रे सुटली की मी स्कूटर घेऊन फाटकाशी हजर. रमतगमत उशिरा घरी येण्यात जो वेळ जात होता तो वाचवायचा, आणि त्या वेळात गच्चीवर खरा व्यायाम. सूर्यनमस्कार, दंड, दोरीच्या उड्या. ध्रुव पहिल्या दिवशी म्हणाला, "आजोबा, मी पैदल येऊन जाईन ना." मी म्हटलं, वेळ वाया जातो. काही दिवसांनी पुन्हा म्हणाला. तेव्हा मी हेल्मेट त्याच्या हातात दिलं. तिसऱ्यांदा त्याने विचारलं नाही. स्कूटर वळवताना आरशात मोहित दिसायचा, खांद्यावर किटबॅग, फाटकाशी उभा. मी हातही करायचो त्याला.

गच्चीवर काय झालं ते थोडक्यात सांगतो, कारण लीलाने ते तुला फोनवर विस्ताराने सांगितलं असणारच. दंड कसा काढायचा हे ध्रुवला समजेना, तेव्हा मी धोतर खोचून स्वतः काढून दाखवायला गेलो. खाली गेलो तो व्यवस्थित. वर येताना कंबरेत अशी कळ आली की मी तिथेच राहिलो, धड दंड नाही, धड नमस्कार नाही. ध्रुवला वाटलं, दंड असाच असतो. तो बिचारा माझ्या शेजारी तसाच ओणवा थांबला. शेवटी लीलाच वाळवण काढायला वर आली, म्हणून दोघांची सुटका झाली. नंतर व्यायामाचं स्वरूप असं झालं की मी खुर्चीत शेकायची पिशवी घेऊन बसायचो, ध्रुव सूर्यनमस्कार घालायचा, आणि पिशवी गार झाली की ती गरम करायला खाली जायचा. खरं सांगू? त्याला त्या जिन्यातच जास्त दम लागत असावा. सूर्यनमस्कार तो असे घालायचा की सूर्याला वाटावं, याला कुणीतरी जबरदस्तीने पाठवलंय. श्रुती म्हणायला लागली, हल्ली याला भूक नाही, पाणीही पीत नाही, खोलीचं दार लावून पडलेला असतो. मी म्हटलं, सवय होईपर्यंत असंच असतं.

दसरा झाल्यावर दोन दिवसांनी मोहित आणि त्याची आई पेढे घेऊन आले. मोहितच्या वडिलांना बढती मिळाली होती आणि बदली भोपाळला झाली होती. सामान ट्रकमध्ये भरून झालं होतं, सकाळी निघणार होते. ध्रुव खोलीतून बाहेर आला आणि मोहितशेजारी सोफ्यावर बसला. दोघंही पेढ्यांच्या खोक्याची दोरी सोडत-बांधत बसले. म्हणून मीच मोहितला म्हटलं, काय रे, भोपाळला क्रिकेट सोडू नकोस हं.

तो म्हणाला, "आजोबा, एक बात पूछूँ? तुम्ही स्कूटर का घेऊन यायला लागलात?"

मी म्हटलं, का रे?

"पहले तो हम पैदल आते थे ना. मी ध्रुवला सोडायला इथपर्यंत यायचो. मग हा मला सोडायला माझ्या घरापर्यंत यायचा. मग मी परत याला अर्ध्या रस्त्यापर्यंत. और लेट हो जाए तो भागते थे."

त्याची आई हसून म्हणाली, "काय सांगू काका, बातें ही खतम नहीं होती थीं इनकी. मी गॅलरीतून बघायची. जात आहेत, येत आहेत, पुन्हा जात आहेत. बदलीचं तर यांना गणपतीपासून माहीत होतं. मोहित म्हणायचा, दसऱ्यापर्यंत तरी रोज चालू."

मंदाताई, मी पेढा हातात धरून बसलो होतो. त्या पोराला गणपतीपासून माहीत होतं की मित्र जाणार आहे. त्याने मला दोनदा विचारलं, पैदल येऊ का. का ते सांगितलं नाही, कारण तेरा वर्षांचं पोर असलं काही सांगत नाही, आणि मी विचारलंही नाही. त्यांच्याकडे जेवढ्या संध्याकाळी उरल्या होत्या, तेवढ्या मी स्कूटरवर बसवून घरी आणल्या आणि गच्चीवर नेऊन त्यांचे सूर्यनमस्कार केले. श्रुती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती एवढंच म्हणाली, "तरी मी म्हणत होते." मोठ्याने म्हणाली असती तर बरं वाटलं असतं.

त्या रात्री मी केदारला सगळं सांगितलं. तो म्हणाला, म्हणजे बाबा, तो चालत होता तर! आणि आनंदाने फोन काढून सुट्टीतल्या फिटनेस कॅम्पची चौकशी करायला लागला. माझाच मुलगा.

दुसऱ्या दिवशी मी ध्रुवला म्हटलं, स्कूटर आजपासून बंद, आपण दोघं पायी येऊ. तो आला. कंबरेमुळे मी हळू चालतो, तर तो चार पावलं पुढे जाऊन थांबायचा, न कंटाळता. मी त्याला शाळेचं विचारलं, क्रिकेटचं विचारलं. तो 'हो' म्हणायचा, 'ठीक आहे' म्हणायचा. जसा मी तुझ्याशी फोनवर. मोहितच्या घराकडे वळायचं तो कोपरा आला. मी म्हटलं, जायचं का तिकडून? थोडं चालणं होईल. त्याने त्या रस्त्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "वहाँ अब कौन है, आजोबा?"

रागाने म्हणाला नाही. आम्ही सरळ घरी आलो. रोज येतो. त्याला घाम येत नाही.

डॉक्टरांचं चुकलं असं मी म्हणत नाही. मुलांनी तासभर खेळावं, बरोबरच आहे. पण ते मोजायला माझ्यासारख्या माणसाने जाऊ नये, एवढंच मला कळलं, आणि तेही ट्रक निघून गेल्यावर.

दाजींना नमस्कार. गुडघ्याला तेल लावत जा.

तुझा,
गुरुप्रसाद

ता. क. : हे सगळं मी मन मोकळं करायला लिहिलं असं तुला वाटलं असेल, तर तू मला अजून ओळखलं नाहीस. मोहितचं नवीन घर तुमच्या भोपाळमध्येच, कोलारला आहे, तुमच्यापासून फार लांब नाही. दिवाळीच्या सुट्टीत ध्रुवला तुझ्याकडे ठेवून घेशील का? तो तुला काही त्रास देणार नाही. घरात सापडणारच नाही.

ता. क. २ : केदारने त्या कॅम्पात नाव घालण्याआधी तू त्याला फोन कर, आणि हे तुझ्याच मनात आलं असं सांग. माझं तो ऐकत नाही. आत्याला त्याने आजवर कधी नाही म्हटलेलं नाही. दाजींना मात्र आधी बजावून ठेव की पोरांना गाडीने सोडायला निघायचं नाही. त्यांना ऐकू आलं नाही तर चावी लपव.

ता. क. ३ : लीला म्हणते, एवढं मोठं पत्र लिहिण्यापेक्षा सरळ विचारायचं होतं. मी ध्रुवला सरळ विचारलं, मंदाआजीकडे जाशील का? त्याने आधी "कब?" विचारलं, मग म्हणाला, "आजी हो म्हणेल ना?" मी म्हटलं, विचारतोय. आता तो माझ्या खुर्चीमागे उभा राहून हे वाचतो आहे, म्हणून अधिक काही लिहिता येत नाही. तुला जमणार नसेल तर कृपा करून मला कळव, त्याला नको.