चौतीस इंची स्क्रीन

मंगळवार, संध्याकाळ. सुरत.

ती रुंद ओएलईडी स्क्रीन आज परत बघून आलो. गेममधला अंधार खरा काळाकुट्ट दिसतो. पण दिवसभर मी खोलीवर मालकासाठी फ्लेक्स बनवतो, स्क्रीनवर टूलची पट्टी एकाच जागी असते. तिचा डाग कायमचा बसतो म्हणं. बसंल का खरंच?

गावाकडनं, पणदऱ्याहून चुलत्यांचा, तात्यांचा फोन आला. म्हणाले, "घे की लेका! वाढदिवसाच्या फ्लेक्सवर अख्खी भावकी एका रांगंत दिसंल. माझा फोटो मोठा घे. आन् गावात दुकान कधी टाकतोस?"

डागाचं नुसतं निमित्त हाय. एवढं खोकं घेऊन एसटीत कोण चढंल? घेतली की मी हितलाच झालो.

दुकानदाराला नको म्हणून कळवलं. आता मालकाला सांगायचंय, गावी चाललो म्हणून. जीभ उचलत न्हाय.