आधीचा घोट

प्रिय विजू,

आबा गोळ्या घेतात का, असं तू फोनवर विचारतोस आणि मी हो म्हणते. सगळे विष घालतात या भीतीने ते फक्त माझ्याच हातचं खातात. त्यांच्या नकळत मी दुधात गोळी विरघळवते.

लहानपणी कॉन्व्हेंट शाळेत सोडताना ते मला गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर धारोष्ण दूध पाजायचे, आधी स्वतः एक घोट घेऊन. आज त्यांनी पेला माझ्याकडे सरकवला. "आधी तू घे की, पोरी."

मी घोट घेतला तर त्यांना गोळी कमी पडेल म्हणून मी थबकले.

"ऱ्हाऊ दे. विष हाय, कळतंय मला. पर तुझ्या हातचं हाय न्हवं?" म्हणत त्यांनी पेला रिकामा केला.

उद्या तू विचारशील. मी हो म्हणेन.

तुझी,
ताई