गोमाचं पाऊल चिखलात

२८ जून
गोमाचा फोन, बारवीकडच्या वाडीवरून. "सायेब, पाय बोलाया लागलाय." म्हणजे आम्ही दिलेलं कृत्रिम पाऊल चालताना करकरतं. अंबरनाथच्या प्रयोगशाळेत आम्ही बांबूची नक्कल करून बनवलेलं: तंतू बांबूचेच, बाहेर दाट, आत विरळ, थरावर थर. पहिल्यांदा माणसाला दिलं, तो हा गोमा. डावा पाय गुडघ्याखाली नाही. भाताची दोन खाचरं. विनोदबुद्धी भरपूर.
म्हटलं, गोमाभाऊ, घालू नका. "मंग काय खुंटीला टांगू?"

२९ जून
मशीनवर हेच पाऊल आठवडाभर दाबलं होतं. हूं की चूं नाही. मग आता काय झालं?
सुनीताला विचारलं (माझी ज्युनियर, सगळ्या चाचण्या तीच करते), नमुने कुठे ठेवायचो? "सर, बरणीत. सिलिका जेलवर. नेहमीसारखे."
नेहमीसारखे. दमट हवेने आकडे हलू नयेत म्हणून आधी सुकवायचं, मग मशीनवर. ही शिस्त मीच लावलेली. शास्त्राद् रूढिर्बलीयसी. भात लावणाऱ्याचं पाऊल आम्ही वाळवंटात तपासलं.

१ जुलै
एक तुकडा घरी बादलीत बुडवला. सौ.: "काय भिजत घातलंय, वाल?" म्हटलं हो, मोड येतात का बघतोय. हसली नाही. आमच्या मांजर्लीत दर पावसाळ्यात नदीचं पाणी घरात स्वतःहून येतं, यंदा मीच बोलावलं.

४ जुलै
तुकड्यावर रुपया वाजवून पाहिला. मडकं घेताना वाजवतो तसा. मधोमध ठण. कडेला बद्द. थर सुटतायत.
प्रयोगशाळेतल्या आमच्या साहेबांना सांगितलं: चाचणी थांबवू, पाऊल परत आणू. "फेल नका म्हणू हो. निरीक्षण म्हणा. पुढच्या महिन्यात पाहुणे यायचेत." बरं. निरीक्षण लिहिलं: पाऊल मोडेल.

५ जुलै
वाडीवर. बरोबर बाजारातलं रबरी पाऊल, बदली म्हणून. गोमाच्या टाचेवर रुपया वाजवला. बद्द. त्यालाही कळलं.
"फुटंल?"
"फुटेल. आणि तुकडा वर मांसात शिरला तर गुडघाही जाईल."
"कदी?"
पीएच.डी. आहे माझ्याकडे. रुपया पुन्हा एकदा वाजवला.
रबरी घालून खाचरात उतरला तो रुतलाच. बायकोने, यमुनेने, काखेत हात घालून ओढून काढला. पाऊल आतच. "रोपासारखा लावून आलो," म्हणाला. मग बांबूचंच परत चढवलं.
"ह्योच ऱ्हाऊंद्या सायेब. चिखलातनं उचालतो ह्यो. लावणी झाली का घेऊन जा."
आणायला गेलो होतो. आणलं नाही.

६ जुलै
सुनीता नवं पाऊल बनवतेय, कडा राळेने बंद करून. पण घाई केली तर तेही तसलंच. तोवर लावणी उरकलेली असेल, किंवा

९ जुलै
गोमाचा फोन. खुशीत. "पाय गप झाला बगा. कालपास्नं आवाज नाय."
करकर थांबायला कारणं दोन. भेगांत चिखल बसला, किंवा घासायला जोडलेलं काही उरलंच नाही. दोन्ही सांगितली.
"मंग चिखलच आसंल. आमच्याकडं त्योच जास्त."
उद्या उतारावरचं खाचर. म्हटलं थांबा, मी सकाळी येतो, वाजवून बघू, मग उतरा. बरं म्हणाला. त्याच्या बरं म्हणण्याचा अर्थ मला माहीत आहे.
फोन ठेवायच्या आधी मागून यमुनेचा आवाज: काय म्हंतात सायेब?
"चांगला हाय म्हंतात."