अंगावरून जातंय

आई, माझी पिशवी काढली आणि मी बरी आहे. हे आधी सांगते, नाहीतर शेवटापर्यंत तू जीव मुठीत धरून बसशील.

ऑपरेशन होऊन घरी आले तेव्हा थोडं पिवळसर जायचं. तेवढं चालतं, असं हॉस्पिटलात सांगितलं होतं. मग ते हिरवट झालं, वास यायला लागला, संध्याकाळी अंग कढत. मी नर्सबाईंना फोन केला. तमिळ मी दिवसभर बोलते, ऑटोवाल्यांशी भांडतेसुद्धा. पण या गोष्टीला माझ्याकडे शब्द एकच, तुझा. ‘अंगावरून पाणी जातंय’ हे जसंच्या तसं तमिळमध्ये ओतलं, ‘मेलेरुन्दु तण्णि पोगुदु.’ तिने ऐकलं, आंघोळीचं पाणी वरून टाक्यांवर पडतंय. म्हणाली, मग आंघोळ नको अम्मा, ओल्या फडक्याने पुसून घ्या. आणि मी शहाणी, पुसत बसले.

हसू नकोस. तेव्हा मला हसू येत नव्हतं. दह्यात डांगर पच्चडी कालवताना तू एकदाच म्हणाली होतीस, ‘अंगावरून जातं गं जरा.’ डॉक्टरला दाखव म्हटलं, तर ‘गप. बायकांचं असतंच ते. अप्पांजवळ बोलू नकोस.’ दिवसभर उदबत्ती का जळत असायची, ते मला आता कळतंय. दाखवलं तेव्हा कॅन्सर पिशवीबाहेर गेला होता. मला वाटलं, तुझंच माझ्याकडे आलं.

शेवटी लेकीने ओळखलं. तिला मराठी समजतं, बोलते तमिळच, आणि लाज कशाचीच नाही. डॉक्टरीणबाईंसमोर, जावई उभा असताना, सरळ म्हणाली, ‘खालून हिरवं जातंय, घाण वास येतोय, ताप आहे.’ मी भिंतीकडे तोंड करून पडले. बाईंनी तपासलं. आतल्या टाक्यांत पू झाला होता. ‘पिशवीचा रिपोर्ट स्वच्छ आहे. हे गोळ्यांनी जाईल. आधी का नाही सांगितलं?’ सांगितलं होतं हो, म्हटलं मी.

आता वास गेला, ताप गेला. काल पोटभर रसमभात जेवले आणि दुपारी घोरत झोपले, असं लेक म्हणते.

हे पाठवायला पत्ता नाही, म्हणून लिहिते. ‘गोळ्यांनी जाईल’ ऐकून मी रडले, तेव्हा सगळ्यांना वाटलं, सुटले म्हणून रडतेय. सुटले होतेच. पण मला तुझा राग आला होता गं. एवढं बोलली असतीस, तर माझ्या लेकीने आजी पाहिली असती.